सुदामची बाजू

“उडव माझी बाजू,” सुदाम कॉम्प्युटरपाशी स्टुलावर टेकत थोरल्या भावाला म्हणाला. “मी चाललो पुण्याला. मला काय करायची आता?”

वारंगा फाट्यावरच्या फोटो स्टुडिओत दोघा भावांत मिळून एकच कॉम्प्युटर होता. तीन वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं, तेव्हा त्यांच्या बापाने, थावराने, वावराबरोबर त्याचीही वाटणी करायला लावली. हार्डडिस्कचे दोन भाग झाले आणि दोन विंडोज बसल्या. थोरल्या देविदासची जुनी, सुदामची नवी. जुनीतून सुदामचा भाग दिसतच नसे, आणि नवीला त्याचा पासवर्ड. पुढे सुदाम शेजारी मोबाइल दुरुस्तीला बसला, तरी आपला हिस्सा त्याने सोडला नाही. त्यात काय साठवलं असेल, या विचाराने देविदासचा जीव नुसता खालीवर व्हायचा.

“पुसायच्या आधी दाखव तरी,” तो म्हणाला.

सुदामने पासवर्ड घातला. देविदास खुर्ची ओढून पुढे सरकला. आत चार-दोन गाणी होती, पत्त्यांचा खेळ होता. बाकी सगळं मोकळं.

“आरं, एवढी जागा रिकामी? आन मी इकडं जागा पुरंना म्हणून गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो उडवून राहिलो होतो! सांगितलं काहून न्हाई?”

“तू मागितली काहून न्हाई?”

धाकट्यापुढे हात पसरला तर कमीपणा येईल, असंच देविदासला इतके दिवस वाटत होतं. आता त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने वाटणीच्या वेळची फ्लॉपी घालून मशीन पुन्हा चालू केलं. सुदामचा भाग काढून टाकायचा का, असं पडद्यावर आलं. देविदासने कीबोर्ड सुदामपुढे सरकवला.

“तुझा हिस्सा हाय. तूच दाब.”

सुदामने बटण दाबलं आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. “झालं बी? वाटणी करताना तर आख्खा दिवस गेला व्हता!”

थोड्या वेळाने ती जागा कोरी होऊन देविदासच्या विंडोजमध्ये दिसू लागली. आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांची लग्नं मावतील एवढी. तिच्याकडे बघताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण साऱ्या मुलखाचे फोटो काढले, पण सुदामचा एकही काढला नाही.

बाहेर नांदेडची गाडी लागली; पुण्याची गाडी तिथून धरायची होती. “येतो दादा,” म्हणून सुदाम निघाला. देविदास कॅमेरा घेऊन मागोमाग धावला. सुदामचा एक पाय पायरीवर होता.

“सुदाम, एक फोटो काढू दे. मला पाहिजे हाय.”

कंडक्टर घाई करत होता. सुदाम खाली उतरला, पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी केस बसवले.