पाखरांसाठी लागलेली बोली

मित्रांनो, होड्यांना इंजिने नव्हती तेव्हा पोटात वारा भरून मी मोरा बंदरातून होडी बाहेर काढत असे. मी एक शीड आहे, आता जुने आणि विटलेले. जाड सुती कापडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून दादू कोळ्याने मला शिवले. बंदरातले लोक माझी शिवण बघायला थांबत. इंजिन आले आणि मी होडीवरून उतरले. काही वर्षे सुक्या मासळीवर झाकण म्हणून पडले, मग माळ्यावर गेले. दादूही गेला. त्याची बायको सोनाबाई मला कोणाला फेकू देत नसे, म्हणून मी उरले.

मला खाली काढले ते तिच्या लेकीने. किशोरी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गव्हाणच्या पुढे खाडीकाठाला ती आणि तिचे सोबती जखमी पक्ष्यांसाठी एक निवारा चालवत. त्या हिवाळ्यात तिथे पाच फ्लेमिंगो होते. तारांवर आपटून पडलेले. त्यांचे पंख सांधले होते, पण उडण्याची सवय सुटली होती. सरावासाठी लांब, जाळीची खोली हवी होती. ती वेळेत झाली नाही तर पावसाआधी खाडीतला थवा निघून जाणार आणि हे पाच कायमचे मागे राहणार होते.

निवाऱ्याकडे पैसे नव्हते. तेव्हा किशोरीने आवारातच कलेचा मेळा भरवायचे ठरवले. कोणी मडकी रंगवली, कोणी टोपल्या विणल्या. मला अंगणात पसरले आणि सोनाबाई रंगाचा डबा घेऊन माझ्यावर बसली. तिने आधी बारीक बारीक ठिपके काढायला घेतले.

"आई, फ्लेमिंगो काड म्हटलं होतं. हे काय?"

"जवला हाय. जेवान नसल तं पाखरू कशाला येल? तुज्या शालेत ह्या शिकवत नाय का?"

किशोरी हसली. ती तशी हसलेली मी शेवटची तेव्हा पाहिली.

मेळ्यात आवाज होऊ नये याची तिने फार काळजी घेतली. बँजो पार्टीला नाही म्हटले, स्पीकर लावू दिला नाही, गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या करायला लावल्या. फ्लेमिंगोंच्या पिंजऱ्याच्या बाजूला पडदा बांधला. बायकांनी गाणी म्हटली तीही हळू आवाजात. पक्षी एका पायावर शांत उभे होते.

प्रश्न माझा होता. मी सर्वांत मोठी वस्तू. माझी किंमत चिठ्ठीवर लिहून भागणार नाही, असे किशोरीला वाटले. या गावांत जत्रेच्या वेळी पालखीचा पहिला मान बोली लावून घेतात. तिथे माणसाचा हात सैल सुटतो. तशीच बोली तिने माझ्यासाठी लावली.

पनवेलच्या एका सोसायटीतून आलेल्या अंकिता मॅडम बोली चढवत होत्या. गव्हाणचे कमळाकर शेठ मागे हटत नव्हते. ते जमिनीचे मालक, आता बिल्डर.

"मॅडम, तुमच्या फ्लॅटमधी मावंल का ह्या? भिंत कमी पडंल. माजा बंगला बगा आदी."

"शेठ, मी दोन भिंतींवर लावेन. तुम्ही बोला पुढे."

लोक तोंडावर हात ठेवून हसले. मग शेठ हसायचे थांबले. सोनाबाईने काढलेल्या ठिपक्यांकडे आणि त्यांवर वाकलेल्या फ्लेमिंगोंकडे बघत ते म्हणाले, "माज्या बापाच्या मिठागरात ही पाखरा उबी रायची. त्या मिठागरावर भराव मीच टाकला." आणि त्यांनी एकदम एवढा मोठा आकडा सांगितला की अंकिता मॅडमनी दोन्ही हात जोडले.

"कमळाकर शेठ, मान तुमचा," किशोरी म्हणाली. जाळीची खोली आता झाल्यातच जमा होती.

मित्रांनो, इथे जे घडले ते मी जसेच्या तसे सांगते. या गावांत बोली सुटली की मान घेणाऱ्याच्या नावाने फटाक्यांची माळ लागते. माळ लागली नाही तर लोक म्हणतात, मान घेतला पण मनापासून नाही घेतला. किशोरी याच गावांत वाढलेली. बँजो, स्पीकर, हॉर्न, सगळे तिला आठवले होते. बोलीच्या मागून माळ येते, हे मात्र आठवले नाही. ते तिच्या इतक्या अंगवळणी पडलेले होते की वेगळे दिसलेच नाही. शेठचा धाकटा भाऊ हितेश कोणाला न विचारता गाडीकडे गेला. विचारायचे काय होते? त्याने माळ आणली, कुंपणापाशी मोकळ्या जागेत पसरली आणि पेटवली. मोकळी जागा पिंजऱ्यामागेच होती.

पहिल्या आवाजाला किशोरी धावली. "इझव! हितेशदादा, इझव!" पण पेटलेली माळ विझत नाही. पडद्यामागे पंख जाळीवर आपटत होते. लांब, काटकुळे पाय जाळीत अडकून मोडत होते. धूर विरला तेव्हा दोन पक्षी पडलेले होते. उरलेले तीन दुसऱ्या दिवशीपर्यंत एकेक करून गेले. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, एकाचे हृदय भीतीनेच थांबले.

हितेश पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादा, मी तुज्या मानासाटी लावली रं." शेठ मातीत बसले होते. त्यांनी भावाला शिवी दिली नाही. सोनाबाईने पदराने एका पक्ष्याची मान पुसली आणि म्हणाली, "वाईट कोनीच नवता ना ग, किशोरी?"

शेठनी बोललेला पैसा दिला. मला मात्र घरी नेले नाही. त्या पैशातून खोली बांधली गेली, लांब, उंच, चांगल्या जाळीची. तिच्या पश्चिमेच्या अंगाला ऊन अडवायला मला बांधले आहे. माझ्यावरचा रंग पोपडे धरून गळतो. आता जखमी पक्षी सापडला तर लोक दुसरीकडे नेतात. इथे देऊ नका, असे किशोरीनेच सांगून ठेवले आहे.

मित्रांनो, कोणासाठी काही करायला निघालात तर त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, ते आधी त्याच्या जागी उभे राहून बघा. तुमची माया खरी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्याच्यापर्यंत फक्त तुमचा आवाज पोहोचतो.

किशोरी अजून रोज येते आणि रिकामी खोली झाडते. संध्याकाळी थवा खाडीवरून जातो. ती वर बघत नाही.