सहावी काडी

तिसरं पान पहिल्या दोन पानांसारखं नव्हतं. पहिलं अख्खं, कडेला बारीक दाते, कुठंही खाच नाही. दुसऱ्याच्या एकाच बाजूला खाच. आणि हे, कालपर्यंत मिटलेलं, आज तीन बोटं उघडून बसलं होतं. मधलं लांब, डावं आखूड... सृष्टीनं पट्टी लावली. खाच अकरा मिलिमीटर. तिनं वहीत लिहिलं, आणि लिहितानाच तिला कळलं की या आकड्याचा काही उपयोग नाही.

शेजारच्या ओळीत नर्सरीची स्वतःची रोपं होती, पुना जातीची. त्यांतल्या दहांची पानं तिनं मोजली होती. तीन रोपांची अशीच निघाली. अंजिराचं रोप कोवळं असताना मनाला येईल तसं पान काढतं, हे तिला ठाऊक होतं. एम.एस्सी.ला त्यावर दहा गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. पण उत्तरपत्रिकेत लिहिणं वेगळं आणि पैठणच्या एसटीनं येणाऱ्या वच्छलाबाईंना तोंडावर सांगणं वेगळं.

वच्छलाबाईंनी जानेवारीत सहा काड्या आणल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. शेंद्र्याजवळ त्यांच्या माहेरच्या विहिरीवरचं अंजीर. रस्ता रुंदीकरणात जाणार होतं, आणि गेलं. जात कुणालाच माहीत नव्हती. सृष्टीनं त्या काड्या पुन्याच्या ओळीला लागून पिशव्यांत लावल्या, पिशव्यांवर नावं घातली, लॅबमध्ये वापरायची त्याच पेनानं. लॅबमध्ये ऊन नसतं... शाई उडाली; दोन्ही ओळींतल्या कडेच्या काड्या वाळल्या, माळ्यानं त्या न मोजता उपटल्या, पिशव्या सरकवल्या, आणि दोन ओळींच्या सीमेवर उरली ही एक पिशवी. त्यांची सहावी, की आमची पहिली?

"हीच म्हणून देऊन टाक की," पाईप गुंडाळत नर्सरीचे मालक बद्रीनाथभाऊ म्हणाले. "अंजीर मागितलं, अंजीर दिलं. तू एवढी शिकलीस अन् तुलाच कळंना, तर तिला काय कळतंय!"

एवढी शिकलीस... तेच तर. घरातली पहिली पदवी. गावी गेलं की कुणी पान घेऊन येतं, कुणी मुळी, आणि मी सांगते. येत नसलं तरी काहीतरी सांगते. पेपरात मोकळी जागा सोडायची नाही, हे आठवीत शिकलेलं अजून सुटत नाही. आई मात्र — सत्तर मेंढ्यांत कुठलं कोकरू कुणाचं, हे आई एका नजरेत सांगायची, पण नव्या कोकराच्या लोकरीचा रंग कसा निघेल असं कुणी विचारलं की म्हणायची, पहिली कातरण होऊ दे, आत्ता नाय सांगता येत. बस्स. आणि त्यावरून आईला, बानाबाईला, काही येत नाही असं वाड्यावस्तीवर कुणी म्हटलं नाही. मग ते चार शब्द माझ्याच तोंडातून का निघत नाहीत?

"रोप लागलं गं माय!"

वच्छलाबाई पिशवीपुढं उकिडव्या बसल्याच होत्या. सोबत रोप न्यायला धुतलेली गोणी. त्यांचा हात पानाकडं गेला. आता नुसतं 'हो' म्हटलं की झालं. म्हटलं नाही तरी, गप्प राहिलं तरी झालं...

"मावशी, हे तुमचंच आहे असं मला सांगता येत नाही." आवाज तिला स्वतःला लहान वाटला. "नावं माझ्या चुकीनं पुसली. तुमचं असेल, नाहीतर आमच्यातलं."

हात पानापाशी थांबला. बद्रीनाथभाऊ पाईप तसाच सोडून दुसरीकडं बघू लागले.

"मग कॉलेजात काय शिकवलं तुला?"

"हेच. कोवळ्या पानावरून कळत नाही. फळ येईस्तोवर थांबायचं. दोन वर्षं तरी."

"दोन वर्षं! तोवर माझ्या तोंडात दात राहतेत व्हय?"

"अंजिराला दात कशाला लागतात, मावशी?"

वच्छलाबाई हसल्या नाहीत. मग ओठाचा एक कोपरा हलला. "लई शहाणी हायेस."

गोणी त्यांनी उलगडली नाही, उठल्याही नाहीत. सृष्टी शेजारी खाली बसली. "तुमच्या झाडाचं फळ आतून कसं असायचं? लाल?"

"लालच... थांब. का गुलाबी म्हणावं? साल जांभळी, ते पक्कं." कपाळाला आठ्या पडल्या. "बघ की, इतकी वर्षं खाल्लं अन् सांगता येईना."

म्हणजे यांनाही... उत्तर यांच्याकडं आहे आणि फक्त आपल्याकडं नाही, असं ती सकाळपासून धरून चालली होती. आता ते पुरतं कुणाकडंच नव्हतं, आणि सकाळपासून आवळलेले खांदे सैल पडत होते.

"तोडताना सहज निघायचं, की पिरगळावं लागायचं?"

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. उजवा हात किंचित वर गेला, तीन बोटं कशावर तरी मिटली आणि हवेत हलकेच वळली, एकदा, मग पुन्हा, अर्ध्यावरच.

सृष्टी त्या बोटांकडं बघत राहिली. पान तिच्या डोक्यातून कधी निघून गेलं कळलं नाही... आधी कोणत्या महिन्यात पिकायचं ते विचारू? की पाखरं कुठली यायची ते? एकाचंही उत्तर मला येत नाही. विचारतेच.