खुर्चीवरून उठायचं नाही

दुपारी टीव्हीवर हेरगिरीचा जुना सिनेमा लागला होता. उमरखेडजवळच्या तांड्यावरचे निवृत्त शिक्षक पूनमसिंग गुरुजी जेवण विसरून बघत बसले होते. कॉलेजात असताना त्यांनी तो टॉकीजमध्ये सात वेळा पाहिला होता. शत्रूचं तळघर, डोळ्यांवर झगझगीत दिवा, आणि नायक साथीदाराचं नाव काही केल्या सांगत नाही. त्या जागी त्यांच्या अंगावर अजूनही काटा यायचा.

तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस.

"पूनमसिंग राठोड? तुमच्या नावाच्या सिमवरून लष्कराचे नकाशे सीमेपलीकडे गेलेत. हेरगिरीचा गुन्हा आहे. दार लावा. खुर्चीवरून उठायचं नाही. घरात कोणाला कळलं, तर त्यालाही उचलू."

गुरुजींनी कडी घातली, टीव्ही बंद केला. तोंडाला कोरड पडली होती. पण खोटं कशाला, त्या भीतीच्या तळाशी जुनी शिरशिरीही होती. गुप्त तपास, सांकेतिक क्रमांक, दबका आवाज. सगळं ओळखीचं वाटलं, म्हणूनच खरं वाटलं.

दोन तास गेले. पाणी प्यायलाही विचारावं लागत होतं.

दारावर थाप पडली. "मामाजी, दार काहून लावलं? चहा आणला." सून रंजिता होती.

"झोपलोय म्हणा," फोनमधला माणूस पुटपुटला.

"मी झोपून राह्यलो, बाई. मंग घेतो." स्वतःचाच आवाज गुरुजींना परका वाटला.

पावलं दूर गेली. "ही कोण? पूर्ण नाव सांगा, तिचं आधार कार्ड दाखवा. तीही यात असणार."

गुरुजींचे ओठ हलले, पण नाव बाहेर पडेना.

"नाही सांगत," ते कसंबसं म्हणाले.

"मग अर्ध्या तासात पथक येईल. बेड्या घालून तांड्यातून फिरवू."

त्यांनी कॉल बंद केला. खरी भीती त्यानंतर सुरू झाली. बाहेर मोटारसायकल वाजली तरी ते भिंतीला चिकटत होते. शेवटी कडी काढून त्यांनी रंजिताला सगळं सांगितलं.

"पोलीस फोनवर पकडतात काय, मामाजी? चला, आपणच ठाण्यात जाऊ."

"मले आत टाकलं तं?"

"मी आहो ना संगं."

ठाण्यात बाकाच्या टोकावर बसलेल्या गुरुजींनी दोन्ही मनगटं खिशात लपवली होती. फोन पुन्हा वाजला. दिपाली नावाच्या हवालदार बाईंनी तो उचलून स्वतःसमोर धरला. "बोला साहेब, कोणतं ठाणं?"

कॉल कटला. बाईंनी तक्रार लिहून घेतली.

घरी परतताना मागून एक जीप आली. "थांब, थांब!" म्हणत गुरुजींनी रंजिताला स्कूटी कडेला घ्यायला लावली. जीपमध्ये कापूस वेचून परतणाऱ्या बाया होत्या. जीप वळणाआड गेली, तरी गुरुजी बराच वेळ 'चल' म्हणेनात. रंजिता स्कूटी बंद करून थांबून राहिली.