सोजूच्या बरणीतली पांढरी दोराजी

मी दोराजी बोलतेय. कोरियातलं फुलझाड मी, आमची मुळं लोक खातात आणि दारूतही मुरवतात. काचेच्या बरणीतून बोलतेय आणि गळ्यापर्यंत सोजू नावाची दारू भरलेली आहे, तेव्हा आवाज जरा घुमला तर चालवून घ्या.

माझा जन्म जोंगसनच्या डोंगरउतारावरच्या एका परसातला. आंबवलेल्या सोयाबीनचे माठ मांडलेल्या ओट्याच्या कडेला ओक-बुन आजीने बी टाकलं होतं. माझ्या सगळ्या बहिणी जांभळ्या फुलल्या, मी एकटी पांढरी. कळी फुग्यासारखी फुगली की आजी म्हणायची, "आली बघा आमची नवरी गाल फुगवून!" पुढे बहिणींची मुळं सोलून, मीठ चोळून त्यांची भाजी झाली. मला मात्र तिने राखलं. "ही बघायची आहे, खायची नाही," असं ती शेजारणींना ठणकावून सांगायची.

आमच्या जातीला एक खोड आहे. तीन वर्षांवर एका जागी राहिलो की मूळ कुजायला लागतं. म्हणून दर तिसऱ्या वर्षी पानं वाळली की आजी मला उकरायची, माती चाळून, राख मिसळून दोन हात पलीकडे लावायची. एकदा खुरपं माझ्या खांद्याला लागलं. तर बाई मला मांडीवर घेऊन बसली, "लागलं का गं, लागलं का," म्हणत. अशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. तिने उकरायला घेतलं की मला भीती म्हणून वाटायची नाही.

मग आजीचे गुडघे संपावर गेले. सोलहून मुलगा आला होता, ग्यु-चोल. ती त्याला म्हणाली, "बाबा, तेवढी पांढरी हलवून दे रे. यंदा तिचं तिसरं वर्ष आहे."

"तू बस गं आई. मी बघतो ना!"

त्याने मला बाहेर काढलं, माझं जुनं, जाडजूड मूळ बघितलं आणि शीळ घातली. मला वाटलं, आता नवी माती. त्याने मला ओल्या कापडात गुंडाळून गाडीत टाकलं आणि तिथूनच ओरडला, "आई, कुजली गं ती! उशीरच केलास तू."

"माझंच चुकलं," असं आजी उंबऱ्यात बसून म्हणत होती. मला सगळं ऐकू येत होतं.

सोलमध्ये त्याने मला दात घासायच्या ब्रशने घासलं, एकेक तंतू मोकळा केला आणि या बरणीत उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, जंगली आहे, डोंगर पालथा घालून शोधली. दारूत मुरवायला जंगली मुळाचाच मान, परसातल्या मुळाला कोण विचारतो?

पुढच्या वर्षी चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला आजीच मुलाकडे आली. ती यायच्या आधी त्याने मला कपाटात कोंबलं. पण दुसऱ्या दिवशी त्याचे साहेब आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "कुठाय तुझी ती जंगली दोराजी? काढ की!" काढावी लागली.

"हल्ली बागेतली मुळंच जंगली म्हणून खपवतात," साहेब हसून म्हणाले. "आजी, तुम्ही डोंगरातल्या. तुम्हीच सांगा, खरी की खोटी?"

आजीने चष्मा लावला आणि बरणी जवळ ओढली. तिचं बोट काचेवरून फिरत फिरत माझ्या खांद्यावरच्या वणापाशी येऊन थांबलं. तिने मुलाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, कान लालबुंद झालेले. मला वाटलं, आता बोलेल. आता कान धरेल त्याचा.

"जंगलीच आहे साहेब," आजी म्हणाली. "हिला माणसाचा हात लागलेला नाही."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. झाकण उघडलं, पेले भरले. "मला नको, सोसत नाही," म्हणून आजी आत जाऊन पडली.

ग्यु-चोलचा मला राग आहे, पण तो साधा राग आहे, शिव्या देऊन संपेल. आजीचं काय करू? आई आहे ती, पोराची अब्रू राखली तिने, सगळं कळतं मला. कळूनही आतून जळतंय, आणि ते दारूने नव्हे.

दारू आता निम्म्यावर आली आहे. संपली की मला फेकून देतील. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. अंगणात जिला वाढवलंत तिला उकरा, खा, कुणालाही देऊन टाका, माझी तक्रार नाही. पण कुणी विचारलं, तर एवढं म्हणा, ही आमच्या घरची.