राणी रंगाचा झेंडा आणि दोन वाड्या

मी झेंडा बोलतोय. बसा, बसा, उभे राहू नका. सलामी घेणारे झेंडे वेगळे, त्यांची कापडं वेगळी. मी सहलीचा झेंडा. हातभर राणी रंगाची साटीन, लांब-आखूड होणारी स्टीलची दांडी आणि माझ्याकडे बघत चालणारी वीसेक दमलेली माणसं, एवढाच माझा संसार.

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडमागे बाबू शिंप्याच्या दुकानात मी जन्मलो. परकर शिवून उरलेला मी तुकडा. हे मी लपवत नाही, घराणं सांगत बसायची खोड माणसांना असते. दीपेशने नुकतीच सहलींची कंपनी काढली होती आणि त्याला लांबून दिसेल असं काहीतरी हवं होतं. बाबू म्हणाला, "हा घेऊन जा. ह्यो समुद्रातनं पण दिसंल."

माझी खरी मालकीण मनस्वी. मालगुंडची मुलगी, वय सव्वीस, आवाज खणखणीत. दीपेशच्या कंपनीची टूर गाईड तीच, वाढपी तीच आणि उलटीच्या पिशव्या वाटणारीही तीच. चार वर्षं तिच्या हातात मी अष्टविनायक केला, उटी केली, केरळ दोनदा केलं. मग एक दिवस दीपेश म्हणाला, "मेक्सिको. माया लोकांची जुनी शहरं. अकरा दिवस. हे जमलं तर परदेशाचं सगळं काम तुझं. एक माणूस जरी हरवलंस, तर परत अष्टविनायक."

आणि माणसं कोणती? आंबेकोंड गावची एकोणीस. त्यातली नऊ वरच्या वाडीची, नऊ खालच्या वाडीची. या दोन वाड्यांचं तीन वर्षं बोलणं बंद. कारण शिमगा. शिमग्यात देवाची पालखी निघते, तिच्यापुढे निशाण चालतं. ते निशाण धरायचा मान वरच्या वाडीच्या गंगारामचा की खालच्या वाडीच्या विठूचा, यावर दोघं चुलतभाऊ असे भांडले की पालखी तीन वर्षं देवळातच बसून राहिली. देवाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी चालत जातो. पण देवाला कोण विचारतो?

दोघांचे मुलगे मात्र मुंबईत एकाच कंपनीत, रोज एका डब्यात जेवणारे. त्यांनी बापांना न सांगता दोघांची नावं एकाच सहलीत घातली. विमानतळावर गंगाराम आणि विठू समोरासमोर आले तेव्हा दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

एकोणिसावी सोनूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दोघांची काकी, दोघांनाही तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिचं घर दोन वाड्यांच्या मधल्या वहाळाच्या काठावर. ती कोणाच्याच बाजूची नाही, म्हणून दोघंही तिला आपली म्हणत.

पहिले दोन दिवस बरे गेले. मंडळींनी उंच पायऱ्यांची देवळं पाहिली आणि दगड कुठून आणला असेल यावर वाद घातला. घोरपडीएवढे सरडे उन्हात पसरलेले पाहून कमळाकाकू, म्हणजे गंगारामची बायको, म्हणाली, "ह्ये आमच्या कुंपणाच्या गडग्यावर पण असतात, त्येंका कोण फोटो काढतो?" खोल, निळ्या पाण्याच्या गुहेत सगळे लाइफ जॅकेट घालून उतरले आणि ही आपली विहीरच आहे असं एकमताने ठरवून वर आले. नारळ, पपई, दमट हवा, घाम. एवढं लांब येऊन आपण पुन्हा आपल्याच परसात उतरलो, अशी सगळ्यांची तक्रार होती आणि त्यातच त्यांना फार बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मनस्वीने चूक केली. फाटकापाशी तिकिटं काढायला तिला दोन्ही हात हवे होते. शेजारी गंगाराम उभा होता. ती म्हणाली, "काका, जरा धरा हां."

गंगारामने मला धरलं. छाती चार बोटं पुढे आली. मला आयुष्यात इतकं ताठ कोणी धरलं नव्हतं.

मागून विठूचा आवाज आला, "निशाण ह्यानं घेतलान कसा?"

"काका, ते निशाण नाहीये, टूरचा झेंडा आहे," मनस्वी म्हणाली.

"फुडं चालतो ता निशाण. ह्याच्या मागनं आमी चालायचे नाय."

आणि खालची वाडी तिथेच खाली बसली. दुसऱ्या दिवशी मनस्वीने मला विठूच्या हातात दिलं, तर वरची वाडी बसमधून उतरेना. त्याच्या पुढच्या दिवशी मी पुन्हा गंगारामकडे गेलो, तर विठूने सेल्फी स्टिकला आपला पंचा बांधला आणि खालच्या वाडीचं निशाण वेगळं केलं. राणी साटीनपुढे भोकाचा पंचा! माझा अपमान मी गिळला.

तिथला गाईड रामिरो, त्याला सगळे रामभाऊ म्हणत. तो स्वतः माया घराण्यातला. हे काय चाललंय, असं त्याने मनस्वीला विचारलं. तिने लाजत सांगितलं. तो पोट धरून हसला. त्याच्या गावातही संताच्या मिरवणुकीत बॅनर कोणी धरायचा यावरून त्याच्या मामाने मेव्हण्याचा दात पाडला होता म्हणे.

मग कोबा आलं, माया लोकांचं आणखी एक जुनं शहर. घनदाट जंगल, त्यात पांढऱ्या वाटा आणि झाडांत लपलेली देवळं. गंगाराम मला घेऊन डावीकडे गेला, विठू पंचा घेऊन उजवीकडे. मनस्वी मधल्या वाटेवर दोघांना हाका मारत पळत होती. पाचला फाटक बंद होणार होतं. पावणेपाचला दोन्ही निशाणं परत आली.

"आमची पूर्ण," गंगाराम म्हणाला.

"आमची पण पूर्ण," विठू म्हणाला.

दोघांनीही खरंच सांगितलं होतं. नऊ आणि नऊ. मनस्वीने माणसं पुन्हा मोजली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. सोनूबाई दुसऱ्यांबरोबर असेल असं दोघांनी धरलं होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. राणी रंग काय आणि पंचा काय, तिला दहा पावलांपलीकडे दोन्ही सारखेच.

रामभाऊ सायकल घेऊन एका वाटेने गेला. बाकीचे "काकी, काकी" ओरडत सुटले. जंगलातून एक पाखरू तेवढं बोललं. मनस्वी दगडावर बसून रडायला लागली. तिला अष्टविनायक आठवत नव्हता, सकाळी तिच्या केसांना तेल लावून देणारी म्हातारी आठवत होती. मी गंगारामच्या हातात होतो. मला माझ्या रंगाची लाज वाटली. लांबून दिसण्यासाठी मी जन्मलो, आणि जिला दिसायला हवा होतो तिला दिसलो नाही.

तेव्हा कमळाकाकू म्हणाली, "फाका घाला. कान शाबूत हायत तिचे. शिमग्याचा फाका ती झोपेत पण वळखील."

शिमग्यात एका बाजूने अचकटविचकट आरोळी ठोकायची आणि दुसऱ्या बाजूने तोंडावर हात मारत बोंब ठोकून तिला जबाब द्यायचा, तो फाका. एकट्या वाडीने घातलेल्या फाक्याला अर्थ नसतो.

गंगारामने डोळे मिटले आणि फाका घातला. त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. हजार वर्षं गप्प बसलेल्या त्या देवांनी असलं काही ऐकलं नसेल. आवाज झाडांत गेला आणि विरला.

सगळे विठूकडे बघत होते. विठू पंचा धरून खांबासारखा उभा. तीन वर्षांत त्याने या माणसाच्या कुठल्याच बोलण्याला जबाब दिला नव्हता. गंगारामने डोळे उघडले आणि हात जोडले. पंचा खाली पडला. विठूचा हात तोंडावर गेला आणि खालच्या वाडीची बोंब उठली, अशी की माझी साटीन शहारली. मग पुन्हा फाका, पुन्हा बोंब. दोघांच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून ती अर्वाच्य भाषा, एकाच वेळी.

चौथ्या फाक्याला झाडीतून बाईचा आवाज आला. गंगारामच्याहून सरस फाका होता तो. बाया फाका घालत नाहीत, पण तिला कोण सांगणार?

एका पडक्या ओट्यावर सोनूबाई पाय पसरून बसली होती. आडोशाला म्हणून गेली आणि वाट चुकली. "आमी इतक्या हाका मारल्या," विठू हुंदके देत म्हणाला.

"काकी काकी वरडत व्हतात. हितं सा काक्या हायत. माका काय ठाव कुणाची?" मग तिने हात पुढे केला. "दे तो झेंडा हिकडं. माणूस संभाळता येत नाय, नि मान पायजे मेल्यांना."

उरलेले पाच दिवस तिच्यामागून अठरा माणसं आणि मनस्वी मुकाट चालली. निघताना मनस्वीने मला तिलाच देऊन टाकलं. परदेशाचं काम मनस्वीकडेच राहिलं आणि तिच्या हातात आता पिवळा झेंडा आहे. बरा आहे म्हणतात.

यंदाच्या शिमग्यात सोनूबाई मला घेऊन देवळासमोर उभी राहिली. "पालखी उचला. फुडं मी चालतंय."

कोणीतरी पुटपुटलं, "बाईमाणसानं निशाण धरायचा?"

"रानात हरवलंव तेवा इचारलास काय, बाई की बाप्या?"

पालखी उठली. मी आता विरलोय, गुलालाचे डाग पडलेत, एक कड उसवलीय. म्हातारीचेही पाय लटपटतात, म्हणून एका बाजूला गंगाराम तिचं कोपर धरतो आणि दुसऱ्या बाजूला विठू. दोघं अजून सरळ बोलत नाहीत.

"काकी, त्याला सांग, फुडं दगड हाय."

"काकी, त्याला सांग, दिसला माका."

म्हणून माझी एवढीच विनंती. मला नवीन कापड लावू नका, डागही धुऊ नका. या म्हातारीला मात्र आणखी चार शिमगे उभी ठेवा. तोवर या दोघांना सरळ बोलायची सवय लागेल अशी मला आशा आहे. नाहीतर ती गेल्यावर पुढे दगड आहे, हे कोण कोणाला सांगणार?