माझ्या चाकांवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. रंग लोण्यासारखा, दिवे गोल, आणि डावे दार लावायचे तर जरा जोरानेच ओढावे लागते. माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला, पण मुंबईचे मला काहीच आठवत नाही. आठवते ते नाशिक. आधी मी एका डॉक्टरांकडे होते. त्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा मखमलाबादच्या गोटीरामबाबांनी मला आपल्या मळ्यात आणले. बाबांचा फुलांचा मळा होता. माझी मागची सीट काढून त्यांनी तिथे शेवंतीच्या पाट्या रचल्या. दसरा आला की माझ्या टपावरही झेंडूच्या गोण्या बांधलेल्या असत. अजूनही ऊन तापले की माझ्या आतून शेवंतीचा वास येतो.

बाबांचा मुलगा धनराज माझ्यावरच गाडी शिकला. पहिल्याच दिवशी त्याने मला बांधावर चढवले आणि बाबांचा ओरडा खाल्ला. बाबा गेले, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "आता हे डबडं भंगारात घाल." धनराज म्हणाला, "ती घरचीच आहे." त्याने मागची सीट परत बसवली, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला. मित्रांनो, त्याच्याइतका विश्वास मी कुणावर टाकला नाही. म्हणूनच पुढचे सांगताना मला जड जाते.

नाशकात माझ्यासारख्या छोट्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी सगळे गंगापूर रोडला मिसळ खायला जमत आणि आम्ही बाहेर ओळीने उभ्या राहत असू. माझ्या शेजारी लताबाईंची राखाडी फियाट असे. लताबाई निवृत्त परिचारिका. यजमान गेल्यावर त्यांनी त्यांची गाडी विकली नाही, स्वतः चालवायला शिकल्या. धनराजला त्या राखी बांधत आणि धना म्हणत.

आमचे सगळ्यांचे एकच दुखणे होते, टायर. आमच्या मापाचे अरुंद टायर आता सहज मिळत नाहीत. मिळाले तरी कोणते चांगले, हे सांगणारे कुणी नाही. कुणाकुणाच्या गाडीला तर लाकडासारखे टणक झालेले, भेगा पडलेले टायर होते. शेवटी ठरले की बाजारात मिळणारे तीन प्रकार एकाच गाडीला घालून तपासायचे आणि त्यांना क्रमांक द्यायचे. धनराजची गाडी सरळ चालते, म्हणून मान मला मिळाला. बाकीच्यांना वेळ नव्हता. "धनराज सांगेल ते खरं," असे म्हणून सगळे मोकळे झाले.

धनराजने मदतीला आपली मुलगी पल्लवी घेतली. ती अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि पावसापाण्यात माझ्यातूनच कामावर जात असे. मळ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर बापलेकीने फवारणीच्या टाकीतून पाणी सोडले. धनराज चालवायचा, ठरलेल्या खुणेवर ब्रेक दाबायचा, आणि मी जिथे थांबेन तिथे पल्लवी खडूने रेघ मारायची. 'समीर' नावाचा टायर दिसायला देखणा, कडेला पांढरी पट्टी, चालताना जराही आवाज नाही. पण ओल्या रस्त्यावर माझे पाय माझे राहिले नाहीत. मी सरकत सरकत पार शेजारच्या कोबीच्या वाफ्यापर्यंत गेले. 'नवरंग' मध्यम निघाला. 'मेघराज' घूं घूं करणारा, त्याने स्टेअरिंगही जड होते, पण पाण्यातून त्याने मला असे धरले की पल्लवी टाळ्या वाजवत म्हणाली, "पप्पा, हाच पहिला! यात वादच नाही." दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेली.

त्याच आठवड्यात दिनेश आला. तो नाशकातल्याच द्वारका चौकातला टायरचा व्यापारी, धनराजचा शाळेतला मित्र. माझ्या बॉनेटला टेकून तो म्हणाला, "धनराज, माझ्या गोडाउनमध्ये समीरचा माल पडून आहे. तुझा शब्द चालतो. त्याला वर ने, मग आपण दोघं मिळून दुकान टाकू. किती दिवस फुलंच विकशील?"

"ओल्या रस्त्यावर सरकतो रे तो."

"या गाड्या पावसात काढतंय कोण? आवरणं घालून ठेवतात लोक."

दुसऱ्या दिवशी त्याने मला चार नवे मेघराज घातले. मला वाटले, त्याने दिनेशला नकार दिला. मी मनातून किती फुलले, काय सांगू! चाके बसवून झाल्यावर माझ्या दाराला टेकूनच त्याने मोबाइल तोंडाशी धरला आणि ग्रुपवर निकाल सांगितला. "पहिला समीर. एकदम शांत, ऐटदार. दुसरा नवरंग. मेघराज शेवटचा. फार आवाज करतो, स्टेअरिंग जड होतं."

टायरांच्या वर्णनातला एकही शब्द खोटा नव्हता, मित्रांनो; क्रमांक मात्र उलटे होते. आणि ओल्या रस्त्याचे, जे सांगायलाच हवे होते, तेवढेच त्याने गाळले. त्या रविवारपासून त्याने मला मिसळीला नेणे बंद केले. तो मोटरसायकलवर जाऊ लागला. पल्लवी परतली, मला मेघराज घातलेले पाहून खूश झाली. ती ग्रुपवर नव्हती. तिला वाटले, निकाल तोच गेला असणार.

महिन्याभरात दिनेश आणि धनराजचे दुकान उघडले. लताबाईंनी पहिल्याच दिवशी समीर घेतले.

श्रावणात झड लागली होती. लताबाई बहिणीला भेटायला इगतपुरीला निघाल्या. घोटी सोडल्यावर एका वळणावर समोर म्हैस आली. त्यांनी ब्रेक दाबला. राखाडी फियाट थांबलीच नाही, आडवी होऊन कठड्यावर आदळली.

चार दिवसांनी लताबाई रिक्षाने मळ्यात आल्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, कपाळाला टाके. धनराज माझी काच पुसत होता. तो दचकून उभा राहिला.

"धना, माझंच चुकलं असेल रे," त्या म्हणाल्या. "घाबरून जोरात दाबला असेल ब्रेक. म्हटलं, तुलाच विचारावं. तुझ्या गाडीला पण समीरच आहेत ना? ती कशी थांबते पावसात?"

धनराजच्या हातातले फडके तसेच राहिले. लताबाई माझ्या पुढच्या चाकाजवळ वाकल्या. डाव्या हाताने त्यांनी टायरवरचा चिखल पुसला आणि अक्षरे जुळवत वाचले, "मेघराज."

तेवढ्यात पल्लवी चहा घेऊन बाहेर आली. "हो ना आत्या, तोच तर पहिला आला होता! समीर पार कोबीत गेला होता. पप्पांनी सांगितलं नाही?"

पल्लवीने आधी लताबाईंच्या हाताकडे पाहिले, मग बापाकडे. ट्रे तिने माझ्या बॉनेटवर ठेवला.

"ताई," धनराज म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही पावसात गाडी काढणार नाही."

"पल्लवीला मात्र पावसात जायचं असतं. हो ना?"

लताबाई सावकाश उभ्या राहिल्या. भुरभुर सुरू झाली होती, त्यांनी पदर सावरला. इतकी वर्षे त्यांच्या तोंडून फक्त 'तू' ऐकलेल्या धनराजला त्या म्हणाल्या, "येते मी. तुम्ही भिजू नका, धनराजराव."

रिक्षा गेल्यावर पल्लवीने विचारले, "पप्पा, पाना कुठं आहे?" त्याने बोट दाखवले. तिने एकटीने जॅक लावून माझी चारही चाके काढली आणि टेम्पोत घालून लताबाईंची गाडी दुरुस्तीला होती त्या गॅरेजात नेली. लताबाईंनाही तिने तिथे बोलावले आणि त्यांच्याच फोनवरून सगळ्या ग्रुपला खरा निकाल सांगितला.

आता मी विटांच्या थरावर उभी आहे. मिसळीला धनराजला कुणी बोलावत नाही. पल्लवी बसने कामाला जाते आणि बापाशी कामापुरते बोलते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिच्या टायरांकडे लक्ष द्या. खाचा झिजल्या का, भेगा पडल्या का, ते बघा. आम्ही रस्त्याला धरून असतो ते तळहाताएवढ्या रबराने. आणि कुणी विश्वासाने विचारले, यातले चांगले कोणते, तर जे आपल्या लेकीच्या गाडीला घालाल त्याचेच नाव सांगा.

धनराजच्या दुकानात माझ्या मापाच्या समीरची थप्पी पडून आहे. परवा तो त्यातला एक टायर घेऊन आला. माझ्याजवळ उकिडवा बसला. बराच वेळ त्याने टायरच्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि मग, लताबाईंना विकला तसलाच तो टायर मला न घालता परत घेऊन गेला. त्याचे माझ्यावर अजून प्रेम आहे, हे मला त्यावरूनच कळले. आणि तेच मला सहन होत नाही.