उलट्या पदराचा माणूस

कोमादोरी खेळणी कंपनीत एखादा कागद खरा आहे की नाही हे त्यावरच्या मजकुरावरून ठरत नसे, शिक्क्यांवरून ठरे. मंजुरीच्या प्रत्येक कागदाला सात चौकोनांची एक पट्टी चिकटवलेली असे. सर्वांत डावीकडचा चौकोन संचालक कानेमारू साहेबांचा, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. आपल्या नावाचा गोल लाल शिक्का उमटवताना तो किंचित डावीकडे कलवायचा, म्हणजे आपण साहेबांपुढे वाकलो असं दिसतं. सर्वांत उजवीकडच्या चौकोनातला विभागप्रमुख ओगुरांचा शिक्का इतका वाकलेला असे की एक दिवस तो चौकोनाबाहेर लवंडेल अशी चिए हिरानुमाला भीती वाटे.

चिएला चौकोन नव्हता. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली ती कंपनीतली एकमेव बाई इंजिनियर. पट्टी छापली तेव्हा अशी कोणी व्यक्ती निपजेल हे छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि नवी पट्टी छापायची तर त्या निर्णयाच्या कागदावरही सात शिक्के लागले असते. तेव्हा चिए प्रोग्राम लिहायची आणि दहा व तीन वाजता चहा द्यायची. दोन्हींपैकी चहाबद्दल तिची जास्त वेळा स्तुती झाली होती.

कंपनी आधी पत्र्याच्या मोटारी करत असे. मग सगळ्या जपानने कॅल्क्युलेटर करायला घेतले म्हणून हिनेही घेतले, आणि सगळ्या जपानने ते एकमेकांपेक्षा स्वस्त विकल्यावर हिच्याकडे चिपांची खोकीच्या खोकी उरली. बेरजा करायला जन्मलेल्या या चिपांना आता पोराटोरांना रमवायचं काम होतं. त्या १९८२ साली वर्तमानपत्रांत संगणक म्हणजे कपाटाएवढं यंत्र आणि त्याच्यापुढे पांढऱ्या कोटातला गंभीर माणूस, असाच फोटो येई. शाळेच्या रस्त्यावर पोरांच्या खिशांतून किती संगणक हिंडत होते, ते कोणी मोजत नव्हतं. खेळण्याला कोण संगणक म्हणणार?

चिएचा खेळ अगदी साधा होता. नव्या घराचं आढं चढलं की छपरावरून उकडीचे गोळे फेकतात आणि खाली जमलेले ते झेलतात. खेळात किमोनो घातलेला एक माणूस टोपली घेऊन डावीउजवीकडे पळतो आणि गोळे झेलतो, एवढंच. पण हे एवढंच तिला दोन हजार सूचनांत बसवायचं होतं, आणि पाच नाही सात महिने ती एकेक सूचना वाचवत बसली होती. गोळा कुठून पडेल हे आधी कळू नये म्हणून तिने एक युक्ती केली होती. खेळणारा पहिलं बटण दाबेपर्यंत चिप आतल्या आत आकडे मोजत राही, आणि बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा उचली. माणसाच्या उतावीळपणातून यदृच्छा काढायची. हे समजावून सांगितल्यावर ओगुरा म्हणाले होते, छान, आणि चहा जरा कडक झालाय.

अशा खेळाच्या पडद्यावर चित्र हलत नाही. माणसाच्या पाचही जागा आणि गोळ्यांच्या सगळ्या जागा काचेत आधीच कोरलेल्या असतात, चिप त्यांतल्या हव्या त्या काळ्या करते. त्या जागांचं चित्र चित्रकार शिनोझाकीने पारदर्शक फिल्मवर काढलं. पुढची बाजू हाताळून खराब होते म्हणून त्याने शाई मागच्या बाजूला लावली. कारकुनाने शाईची बाजू तीच पुढची समजून शिक्क्यांची पट्टी तिथे चिकटवली. चिएने ते पाहिलं. चौकोन नसल्यामुळे तिने पट्टीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं, ‘हे चित्र समोरून आहे की मागून?’

फिल्म सात टेबलांवरून फिरली. डोंगराकडच्या काच कारखान्याने तिची कोणती बाजू समोरची हे अगदी नियमाने ठरवलं. ज्या बाजूने शिक्के सरळ वाचता येतात, ती. मेमध्ये चाळीस हजार काचा आल्या.

चिएने एका काचेला एकेक तार हाताने जोडून नमुना केला. उजवं बटण दाबलं, माणूस डावीकडे पळाला. तिने फिल्म मागवून घेतली, उलटसुलट पाहिली आणि पाच मिनिटांत उत्तर काढलं. गुणांचे आकडे कॅल्क्युलेटरच्या ठरलेल्या साच्यातून येत, त्यामुळे ते सरळच होते. चिप बसवायची तांब्याच्या रेघांची पाटी अजून छापायची होती, ती आरशात बघून छापली आणि बटणांच्या तारा अदलाबदल केल्या की संपलं. चिपला कळणारही नाही. चिपला डावं-उजवं नसतंच, ते आपल्याला असतं.

नमुना घेऊन ती पॅकिंगच्या हॉलमध्ये गेली. कुठलाही नमुना ती आधी ओतोवा काकूंना दाखवी. काकूंनी तीस वर्षं खोकी बांधली होती, आणि एखादं खेळणं त्यांच्या हातून लवकर सुटलं नाही की ते दुकानातही खपे, असा चिएचा अनुभव होता. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, चार गोळे झेलले आणि थांबल्या.

“अगं पोरी, हा तर मेलाय.”

चिए म्हणाली, अजून दोन चुका शिल्लक आहेत, तीन झाल्याशिवाय खेळ संपत नाही.

“ते नाही गं. कपडे बघ की त्याचे. उजवा पदर वर आलाय. अंघोळ घालून पेटीत ठेवताना नेसवतात तसा.”

चिएने पाहिलं. जिवंत माणसाचा डावा पदर वर, उजवा आत. उलटं फक्त प्रेताला. पडद्यावरचा माणूस व्यवस्थित, इस्त्रीचे कपडे घातलेला मुडदा होता आणि उत्साहाने टोपली घेऊन पळत होता. सात साहेबांनी त्याला पाहून मान डोलावली होती. सातही जण सूट घालत आणि त्यांचे किमोनो त्यांच्या बायका नेसवत, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

तार बदलता येते, पाटी बदलता येते. काचेतला पदर बदलता येत नव्हता.

चिएने पदराचं वर कळवलं, आणि दुसऱ्या दिवशीची बैठक दोन तास चालली. पोरांच्या वाढदिवसाला प्रेत भेट द्यायचं का, असं कानेमारू साहेबांनी विचारलं. मग ठरलं ते असं: काचा भंगारात काढाव्यात, चिपाही काढाव्यात, खेळ बंद. कारण तपासलं तेव्हा असं आढळलं की प्रोग्राम लिहिणाऱ्या व्यक्तीने चित्र वेळेवर तपासलं नाही. त्या व्यक्तीची पॅकिंगला बदली करावी. ती व्यक्ती तेव्हा चहा ओतत होती. कागद तयार करायचं काम ओगुरांवर आलं. शुक्रवारी शिक्के.

चिए त्या दुपारी फिल्म घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. पट्टीखाली, ओगुरांच्या चौकोनाशी संपणारं पेन्सिलीचं वाक्य होतं. ‘हे चित्र समोरून’ एवढं वाचता येत होतं, पुढचं ओगुरांच्या शिक्क्याखाली गेलं होतं. शेवटी एकदाचा तो चौकोनाबाहेर लवंडलाच होता. फिल्म उजेडात धरली की लाल रंगाखालून उरलेलं वाक्यही स्पष्ट दिसे.

ही फिल्म बैठकीत ठेवली तर आपली सुटका होईल, हे तिला कळत होतं. खेळाची होणार नाही, हेही कळत होतं. उलट ओगुरांच्या चुकीचा पुरावा म्हणून चाळीस हजार काचा आणखी घाईने फोडल्या जातील. ती पुन्हा पॅकिंगमध्ये गेली आणि काकूंशेजारी बसून खोक्यांना दोऱ्या बांधू लागली. बदली होणारच असेल तर सवय हवी, असं म्हणाली.

“इथे बोटं कापतात,” काकू म्हणाल्या. “आणि त्या मेलेल्याचं काय वाईट आहे? ऑगस्टात बोनला पितर घरी येतात, तेव्हा माझ्या सासऱ्यांपुढे मी गोळेच ठेवते. जिवंतपणी झेपत नव्हते, आता ताट साफ होतं. मांजर खातं म्हणा.”

चिएच्या हातातली दोरी तशीच राहिली. पडद्यामागचं रंगीत चित्र काचेवर नसतं. ते वेगळ्या कागदावर छापतात, आणि तो कागद अजून छापायचा होता. सध्या त्यावर नवं घर आणि निळं आभाळ होतं. तिथे बोनचे कंदील आणि भुतांच्या गोष्टींतलं नदीकाठचं विलोचं झाड काढलं, तर पळणारा माणूस घरी आलेला पितर ठरे; मग पदरही बरोबर, गोळेही बरोबर. एक सूचना बदलायला नको.

शिनोझाकीने ते चित्र एका संध्याकाळी काढून दिलं. स्वतःची शाई कोणत्या बाजूला होती हे त्याला चांगलंच आठवत होतं, त्यामुळे त्याने काही विचारलं नाही.

गुरुवारी तीन वाजता चिएने ओगुरांपुढे चहा ठेवला, चहाशेजारी नवा कागद लावलेला नमुना आणि नमुन्याखाली फिल्म. ओगुरा आधी खेळले. दोनशे गुण झाल्यावर त्यांना फिल्म दिसली. त्यांनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि आपल्या शिक्क्याखालचं वाक्य वाचलं.

“हे आणखी कोणी पाहिलंय, हिरानुमाबाई?”

“नाही साहेब. आणि बोनच्या खेळाची कल्पनाही अजून कोणी कोणाला सांगितलेली नाही. ती उद्या तुम्हाला सुचली तर फिल्म माझ्या कपाटात राहील.”

ओगुरांनी चहा संपवला. कडक आहे असं म्हणाले नाहीत.

“मला सुचलीच होती,” ते म्हणाले. “पदर पाहिला तेव्हाच.”

शुक्रवारी कानेमारू साहेबांनी ओगुरांच्या धाडसाचं कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात त्यांना आठवलं की उन्हाळ्यात भुतांचं काहीतरी करा, असं आपणच जानेवारीत म्हटलं होतं. जुलैपर्यंत बाकी पाचही चौकोनांना आपापला वाटा आठवला. खेळ बोनच्या आधीच विकून संपला आणि आणखी साठ हजार काचा मागवाव्या लागल्या. त्या उलट्याच काढायच्या, अशी सूचना लिहिताना कारकुनाचा इतका गोंधळ उडाला की त्या जवळजवळ सरळ आल्या असत्या. एका मासिकाने लिहिलं की जपानी उद्योगात प्रत्येक बारकाव्यामागे किती दूरदृष्टी असते, हे या पदरावरून दिसतं. ओतोवा काकूंनी ते कात्रण खोक्यात अस्तर म्हणून वापरलं.

चिएची बदली झाली नाही. तिने ओगुरांकडे आणखी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती सप्टेंबरमध्ये छापून आली. पट्टीला आठवा चौकोन, सर्वांत उजवीकडे.

नव्या खेळाची फिल्म तिच्या टेबलावर पहिली आली. तिने आपला शिक्का मारला आणि कपाटातली जुनी फिल्म काढून खिडकीशी धरून मागून पाहिली. सात शिक्क्यांची पट्टी तिच्यावर तशीच होती. मागून बघितलं की अक्षरं उलटत, पदर उलटत, डावं-उजवं उलटत. शिक्के मात्र मागूनही कानेमारू साहेबांकडेच वाकत. साहेबांचा चौकोन दुसऱ्या टोकाला जाई आणि सगळे त्याच्या मागोमाग कलत. तिने हे दोनदा तपासलं.

ओगुरा त्यांचा शिक्का घेऊन आले. आठव्या चौकोनाकडे पाहून म्हणाले, “सरळ मारलात. थोडा कलवला असता तर बरं दिसलं असतं.”

“मागून पाहिलं तरी सरळ दिसतो साहेब. कारखान्याला सोयीचं पडेल.”

मग तिने शाईचं पेन उघडलं आणि नव्या फिल्मवर, ओगुरांच्या चौकोनाखाली, ठळक अक्षरांत ‘समोर’ असं लिहिलं. ओगुरांनी शिक्का लाल शाईत बुडवला, आणि त्यांचा हात नेहमीप्रमाणे कलत खाली येऊ लागला. चिएने त्या शब्दावर तळहात ठेवला, आणि शिक्का चौकोनात उमटेपर्यंत उचलला नाही.